डिस्कलाव्हिअर: वाजवलेलं एक आणि वाजतंय भलतंच (बेळगाव, जुना फ्लॉपीवाला पियानो)

टिळकवाडी_तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. आत्याचा पियानो आमच्या घरी आलाय. यामाहाचा डिस्कलाव्हिअर (वाजवलेलं रेकॉर्ड करून नंतर स्वतःच वाजवणारा पियानो), मार्क टू, अपराइट म्हणजे उभा, जपानातनं सेकंडहँड आलेला म्हणजे १०० व्होल्टवाला, खाली स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर. आत्या कॅम्पात पोरांना शिकवायची आणि स्वतःचं वाजवलेलं फ्लॉपीवर रेकॉर्ड करून ठेवायची, ती खोकाभर फ्लॉप्यापण आल्यात. फ्लॉप्या वाचल्या जातायत, पियानो वाजतोय, किल्ल्या आपोआप खाली-वर होतायत, घरातली पोरं तर पहिल्या दिवशी समोरनं हलेनात.

पण जे वाजतंय ते आत्याचं वाजवणं नाही. हळू सूर गायबच, किल्ली खाली जाते आणि आवाजच नाही. आणि मधल्या सप्तकात दोनचार सूर मधेच एकदम धाडकन. बरं मी स्वतः काहीतरी वाजवून रेकॉर्ड केलं आणि ऐकलं तर तेच, सगळं सपाट, मधे मधे दणका. व्हॉल्यूम वाढवला की हळू सूर येतात पण मग जोराचे एवढे जोरात की वरच्या मजल्यावरनं फोन येतो. सकाळी त्यातल्या त्यात बरं, संध्याकाळी जास्त बिघाड. पाऊस लागल्यापासनं तर विचारू नका. कुणी असलं कॅलिब्रेशन घरी केलंय काय? कंपनीचा माणूस पुण्या-मुंबईहून बोलवायचा म्हणजे आधी आपल्याला तरी कळू दे काय बिघडलंय ते.

निपाणी_नाका

भावा एवढं टेन्शन कशाला. फायल लॅपटॉपवर घे, व्हेलॉसिटी म्हणजे सुराचा जोर वर ओढ, झालं की. मिडीत (वाजवलेलं आकड्यांत लिहायची पद्धत) प्रत्येक सुराला १ ते १२७ जोर असतो. तुझा पियानो समज ३५ च्या खाली वाजतच नाही आणि १०५ च्या वर कान फाडतोय, तर सगळे आकडे ३५ ते १०५ मधे बसव. ३५ + जुना आकडा × ७० ÷ १२७. म्हणजे २० चा ४६ होतो, ६४ चा ७०, १०० चा ९०. कुठल्यापण फुकटच्या सॉफ्टवेअरात होतंय. पाच मिनिटाचं काम.

उद्यमबाग_फिटर

निपाणीकर, गणित बरोबर हाय तुमचं पण ते सगळ्यात शेवटी करायचं काम, पहिलं न्हवं.

टिळकवाडी, तुमच्या पियानोत दोन वेगळी मापं हायत आणि तुम्ही दोन्ही एकदम ऐकालाय. एक रेकॉर्डिंगचं: सेन्सर बघतो की किल्ली किंवा हातोडा किती वेगानं गेला आणि त्याचा आकडा करतो. दुसरं प्लेबॅकचं: त्या आकड्यावरनं किल्लीच्या मागच्या टोकाखालच्या सोलेनॉइडला (करंटवर किल्ली ढकलणारी कॉइल) किती करंट द्यायचा ते ठरतं. रेकॉर्ड करून परत वाजवलं की दोघांच्या चुका एकमेकांत मिसळतात, कधी तर एक चूक दुसरीला झाकते, मग कुठलं खोटं बोलतंय ते सापडत नाही. म्हणून आधी वेगळं करा.

प्लेबॅक एकट्याचा तपास असा. लॅपटॉपवर एक फायल बनवा, स्वतः वाजवायचं नाही, हातानं आकडे भरायचे. मिडीचे सुरांचे नंबर २१ ते १०८ म्हणजे ८८ किल्ल्या, प्रत्येकीला २०, ३०, ४० असं ११० पर्यंत, मधे दोन सेकंद मोकळे. एका दमात नको, एकेक सप्तक करा नाहीतर डोकं फिरतंय. वही घेऊन बसा आणि प्रत्येक किल्ली कुठल्या आकड्याला पहिल्यांदा आवाज करते तेवढंच लिहा. व्हॉल्यूमचा कंट्रोल मात्र एकाच जागी ठेवा, कारण तो सोलेनॉइडचाच जोर कमीजास्त करतोय, तो खाली आणला की हळू सूर सगळ्यात आधी मरतात.

मोबाईलवर आवाज मोजणार असाल तर एक सांगतो, फोन आपल्या मनानं आवाज वरखाली करून घेतोय. तो ऑटोमॅटिक गेन बंद होणारं अ‍ॅप असेल तरच मोजा, नायतर कानावर विश्वास ठेवा.

रेकॉर्डिंगचा तपास उद्या लिहितो, शिफ्ट हाय.

जांबोटीची_ओल

फायली-बियली नंतर, आधी घरातली दमट हवा बघा. बेळगावात तुम्हाला पाऊस वाटतो, आमच्याकडं खानापूर-जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात या म्हणजे कळेल, पण पियानोला तुमचापण पुरेसा आहे. किल्लीच्या आत पिनेभोवती बारीक फेल्ट असतं, ते दमटपणानं फुगतं आणि किल्लीला धरून ठेवतं. हाताला ते कळत नाही कारण बोट आपोआप जास्त जोर लावतं, सोलेनॉइडला ती अक्कल नाही, ३० म्हटलं की ३० चाच करंट. तेवढ्यात हातोडा तारेपर्यंत पोचतच नाही.

हायग्रोमीटर घ्या, स्वस्तातला चालेल. पियानोला ४५ ते ५५ टक्के बरं. पावसात आपल्याकडं उघड्या खिडकीच्या खोलीत ८५-९० सहज जातंय. जुन्या लोकांची पियानोच्या पोटात बल्ब लावून ठेवायची पद्धत होती, ती आता चालत नाही, कारण एलईडी गरम होत नाही (आमच्या शेजाऱ्यानं हौसेनं एलईडी लावलाय, पियानो आतनं छान दिसतो). डिह्युमिडिफायर लावा आणि हवा खाली आल्यावर किमान दोनतीन आठवडे थांबा, मग मापं घ्या. आज ओल्यात कॅलिब्रेट केलं तर जानेवारीत सगळं उलटं होणार.

टिळकवाडी_तिसरं_गेट

हायग्रोमीटर ८१ दाखवतोय. डिह्युमिडिफायरची ऑर्डर दिली.

फिटरदादा, तुमची फायल बनवून वाजवली. बऱ्याच किल्ल्या ३०-४० ला बोलतात, खालच्या खर्जातल्या काही ५० पर्यंत मुक्या. पण गंमत म्हणजे जे सूर रेकॉर्डिंगमधे धाडकन वाजतात ते या फायलीत शेजारच्यांसारखेच वाजतायत. आणि संध्याकाळी परत वाजवली तर सगळेच आठदहा आकड्यांनी उशिरा बोलायला लागले.

उद्यमबाग_फिटर

हे बघा, अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत. धाडकन वाजणारे सूर प्लेबॅकला ठीक, म्हणजे त्यांचा सेन्सर चुकीचा आकडा लिहितोय. मुके सूर प्लेबॅकचे, म्हणजे घर्षण नाहीतर करंट. आणि संध्याकाळचं म्हणजे लाईट. ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला मल्टीमीटर लावा, सकाळी आणि रात्री आठला. ट्रान्सफॉर्मर नक्की २३० ते १०० चा हाय का तेपण बघा, बाजारात २२०/११० चा जास्त मिळतो, तो २३० ला ११५ देतो आणि रात्री उशिरा लाईन २४५ झाली की १२२. शंभरच्या मशीनला ते बरं न्हवं.

आता हिशेब. लाईन २३० ची २०५ झाली तर शंभराच्या जागी ८९. आतला सोलेनॉइडचा पुरवठा रेग्युलेटेड (लाईन हलली तरी सारखाच राहणारा) नसेल तर करंट ११ टक्के कमी. सोलेनॉइडची ओढ ढोबळमानानं करंटच्या वर्गावर जाते, म्हणजे जोर वीस टक्क्यांच्या वर गेला. मोठा सूर थोडा बारीक वाजेल, कुणाला कळणार नाही. लहान सूर मरतो.

तसंच गरम होण्याचं. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.४ टक्के वाढतो, कॉइल २५ डिग्रीनं तापली की करंट नऊएक टक्के खाली. म्हणून थंड पियानोवर माप घ्यायचंच नाही, वीसेक मिनिटं काहीतरी वाजू दे मग घ्या, आणि दरवेळी तसंच करा.

रेकॉर्डिंगचा तपास: किराणा दुकानातलं २०० ग्रॅमचं माप घ्या, खाली फेल्टचा तुकडा चिकटवा. दोऱ्याला बांधून किल्लीच्या पुढच्या कडेला नुसतं टेकवा, भार द्यायचा नाही, मग दोरा सोडा. वजन तेच, उंची तीच, जागा तीच, तर आकडापण जवळपास तोच यायला पाहिजे. रेकॉर्ड करा, फायल लॅपटॉपवर उघडा, आकडे बघा. खर्जाचे हातोडे जड आणि वरचे हलके, म्हणून खालच्या टोकाची तुलना वरच्या टोकाशी करू नका, शेजारच्या किल्लीशी करा. ओळीत हळूहळू चढउतार असेल तर ठीक, मधेच एक उडी मारली की तो सेन्सर पकडायचा. नंतर ५०० ग्रॅमनं हेच करा, जोराच्या बाजूला काय होतंय ते दिसेल.

पेटीवाली_शहापूर

मी पेटी शिकवते, पियानोतलं फारसं कळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटीवाल्यानं पियानोच्या धाग्यावर यावं हे चालायचंच. आमच्या पेटीत पट्टी किती जोरात दाबली याला काही किंमत नसते, सगळा जीव भात्यात. तुमच्याकडं उलटं, सगळा जीव त्या एका दाबात. मग निपाणीकरांच्या गणितानं १ ते १२७ चं ३५ ते १०५ केलं तर वाजवणाऱ्यानं हळूच सोडलेला सूर आणि साधा सूर जवळजवळ सारखे होणार ना हो? मग राहिलं काय.

निपाणी_नाका

ताई जिथं सूर वाजतच नाही तिथं तो थोडा मोठा वाजला तर काय वाईट. पण मान्य, शेवटचा उपाय म्हणूया.

आणि एक विचारायचं हुतं. मी लॅपटॉपवरनं मिडी केबलनं असल्या एका पियानोला सूर पाठवले तर अर्ध्या सेकंदानं वाजले. ते बिघडलेलं हुतं का?

धारवाडी_फेरीवाला

नाही, ते मुद्दाम आहे. हळू जाणारा हातोडा तारेपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतो, जोराचा लगेच पोचतो. येईल तसा सूर वाजवला तर हळू सूर उशिरा पडणार आणि ताल मोडणार. म्हणून मशीन सगळं ५०० मिलिसेकंद धरून ठेवतं, कुठल्या सुराला किती आधी ढकलायचं ते ठरवतं, मग सगळे वेळेवर पडतात. टिळकवाडीकर, तुमच्या किल्ल्या घट्ट असतील तर हा हिशेबपण चुकतो, त्यामुळं आत्याबाईंचा ताल थोडा लंगडला तर तोही याच खात्यात धरा.

सॉफ्ट बाजू आधी लावायची हा काही आजचा शोध नाही. कागदी रोलवर चालणारे हवेचे पियानो होते, जर्मनीतला वेल्टे-मिन्योन १९०४ चा, पुढं अमेरिकेत ड्युओ-आर्ट आणि अँपिको. ड्युओ-आर्टमधे जोराच्या फक्त १६ पायऱ्या, तेवढ्यात वाजवणाऱ्याचा हात पकडायचा. त्या पियानोंना खास टेस्ट रोल यायचे आणि त्यात सगळ्यात हळू पायरीला सगळ्या किल्ल्या जेमतेम बोलतील असं व्हॅक्यूम आधी लावायचे, वरचं मागनं. तळ बसला नाही तर वरची पायरी कितीही घासा, उपयोग नाही. डिस्कलाव्हिअर अमेरिकेत १९८७ ला विकायला आला, त्यातल्या पुढच्या प्रो मॉडेलांत जोराच्या १०२४ पायऱ्या आणि पेडलच्या २५६. तुमचा १२७ वाला आहे, पण १२७ नीट बसले तर घरात बसून ऐकणाऱ्याला काही कमी पडत नाही असं माझं मत.

चोर्ला_पल्याड

गोव्याकडनं लिहितोय. आमच्या भागात पियानो भरपूर आणि ओलपण भरपूर, मी एका जुन्या ट्यूनरच्या हाताखाली काम केलंय.

सेन्सरला हात लावायच्या आधी अ‍ॅक्शन (किल्लीपासनं हातोड्यापर्यंतची यंत्रणा) रेग्युलेट झालीय का, म्हणजे तिची अंतरं नीट लावलीत का बघा. अपराइटमधे हातोडा तारेपासनं साधारण ४५-४७ मिमी, किल्ली साधारण १० मिमी खाली, आणि किल्ली अगदी सावकाश दाबली तर हातोडा तारेच्या ३ मिमी अलीकडं सुटला पाहिजे. हे सुटणं ५-६ मिमीवर गेलं असेल तर हळू सूर कुठल्याच करंटनं नीट येणार नाही, हातोडा वाटेतच दम सोडतो. आणि हे अंतर बदललं की सेन्सरच्या आकड्यांचा अर्थपण बदलतो, म्हणून हे आधी.

घर्षण मोजायचं तर पेडल दाबून ठेवा म्हणजे डँपर (तारेवर टेकून आवाज थांबवणारे) वर राहतात. किल्लीवर ग्रॅमग्रॅमनं वजन वाढवत जा, किल्ली सावकाश खाली जाते तो आकडा लिहा. मग कमी करत जा, किल्ली वजन उचलून वर येते तो आकडा. दोघांतला फरक निम्मा केला की घर्षण. १० ते १५ ग्रॅम ठीक, २०-२२ म्हणजे फेल्ट फुगलंय नाहीतर पिन गंजलीय. किल्ल्या सोडवायची खास पक्कड असते, ती ट्यूनरच्याच हातात बरी, जास्त दाबली की किल्ली खडखडायला लागते. आणि डब्ल्यूडी-फोर्टी मारायचा विचार डोक्यात आला असेल तर पियानोपासनं लांब जाऊन बसा.

टिळकवाडी_तिसरं_गेट

बराच वेळ गायब होतो. हवा ५५ च्या आसपास आली. ट्रान्सफॉर्मर २३०/१०० चाच निघाला, पण रात्री आठला आउटपुट ९० च्या खाली. सर्वो स्टॅबिलायझर (व्होल्टेज सारखं ठेवणारा) लावला, संध्याकाळचा प्रॉब्लेम संपला, एवढं सोपं असेल वाटलं नव्हतं.

ट्यूनरना बोलवून अ‍ॅक्शन करून घेतली. खर्जात घर्षण २४ ग्रॅम येत होतं ते १३-१४ वर आलं. सुटण्याचं अंतर सगळीकडं वाढलेलं होतं तेपण केलं. आता ३० ला बहुतेक सगळ्या किल्ल्या बोलतात.

मग वजनाचा खेळ केला (बायको म्हणाली दुकान लावलंय काय). मधल्या सप्तकात ओळीनं ५२, ५३, ५१, ७४, ५२, ५०, ६९. ते ७४ आणि ६९ वालेच दणका देणारे. आता काय करू, उघडू का?

उद्यमबाग_फिटर

प्लग काढून, आणि काढल्यावर लगेच हात घालू नका, पॉवर सप्लायचे कपॅसिटर भरलेले असतात.

वेग कसा मोजतात ते कळलं की दोष दिसतोच. एक छोटी पट्टी सेन्सरच्या उजेडातनं जाते, दोन ठिकाणी उजेड कापला जातो, मधला वेळ मोजला की वेग. पट्टी वाकली, सरकली किंवा सेन्सरवर धूळ बसली की दोन क्षण जवळ येतात, वेळ कमी दिसतो, मशीनला वाटतंय जोरात मारलं. शेजारच्या चांगल्या पट्टीशी डोळ्यानं तुलना करा. आधी नुसता मऊ ब्रश आणि हवेचा रबरी पंप, काँप्रेसर नको. परत वजन टाकून बघा. तरी उडी राहिली तरच पट्टीची जागा बघा, ती केसभर हलली तरी आकडा बदलतो, म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सर्व्हिस मेनूतल्या सेटिंगला मात्र मॅन्युअल हातात असल्याशिवाय शिवू नका.

टिळकवाडी_तिसरं_गेट

धूळच होती, आणि एका ठिकाणी कोळ्याचं जाळं. ७४ चा ५३ झाला. ६९ वाल्याची पट्टी तिरकी होती, ट्यूनरनीच सरळ केली, आता ५४.

मी वाजवलेलं आता जसंच्या तसं परत येतंय. पण आत्याच्या फ्लॉप्या! त्यात ते दोन सूर अजूनपण धाडकनच. साहजिक आहे म्हणा, आकडे तेव्हाच चुकीचे लिहिले गेलेत. मग पियानोतच ते दोन सूर थोडे मऊ करून घेऊ का? फ्लॉप्या तर नीट ऐकू येतील.

चोर्ला_पल्याड

अजिबात नको. मग मुलं वाजवून रेकॉर्ड करतील तेव्हा ते दोन सूर दबणार. फ्लॉपीसाठी पियानो वाकवायचा म्हणजे खोट्या मालाला जुळावं म्हणून तराजूच्या काट्याला खडा बांधण्यातला प्रकार.

पेटीवाली_शहापूर

पण सगळ्या फ्लॉप्यांत तो दणका सारखाच आहे का? सेन्सर एका दिवसात घाण होत नाही. जुन्या फ्लॉप्यांत कमी असेल, नंतरच्यात जास्त.

निपाणी_नाका

ताई एकदम पॉइंटाचं बोललात. आता माझं गणित उपयोगाला येतंय बघा.

आधी सगळ्या फ्लॉप्यांच्या इमेज म्हणजे हुबेहूब कॉप्या काढून घे, त्या तशाच राहू देत, कधीच बदलायच्या नाहीत. जुनी ड्राइव्ह कधी राम म्हणेल सांगता येत नाही. आत ई-सेक (यामाहाची स्वतःची जात) फायली असतील, त्या साध्या मिडी फायलीत बदल. मग प्रत्येक फ्लॉपीसाठी त्या संशयित सुराचा सरासरी जोर काढ आणि दोन्ही बाजूच्या चारपाच सुरांचा काढ. फरक दिसेल तेवढा फक्त त्याच सुरातनं वजा कर. तारखा लिहिल्या असतील तर फ्लॉप्या ओळीनं लाव, फरक हळूहळू वाढताना दिसला तर तो धुळीचा. एकाच गाण्यात दिसला आणि पुढं नाही, तर ते आत्यांनीच जोरात मारलंय, त्याला हात लावू नको. गाण्याचा षड्ज असेल तर तो तसापण जास्त जोरात पडतो, ते धरून चल. मी छोटी स्क्रिप्ट लिहून देतो, मेसेज कर.

सगळ्या फायलीवर ३५ ते १०५ वालं आता लागत नाही. मीच सांगतोय.

टिळकवाडी_तिसरं_गेट

तारखा आहेत, आत्या शिस्तीची. पहिल्या काही वर्षांच्या फ्लॉप्यांत फरक जवळजवळ नाहीच, नंतर चढत गेलाय. स्क्रिप्टनं पहिली तीन गाणी दुरुस्त केली. एका नाट्यपदात तो सूर वजा केल्यावर बेचव झाला, तिथं मूळ आकडे परत टाकले, तो तिनं ठरवूनच मारला असणार, शिकवतानापण त्या जागेवर टेबल वाजवायची.

बाबांना ऐकवलं. त्यांनी फक्त पेडलचं विचारलं, ही एवढं पेडल लावायची का म्हणून. फिटरदादा, पेडलचंपण असंच माप असतंय का?

उद्यमबाग_फिटर

असतंय. पेडलला वेगळा सोलेनॉइड, आणि डँपर उचलायच्या रॉडमधे ढिलाई किती यावर सगळं. ढिलाई नसेल तर डँपर तारेवर पुरता टेकतच नाही, पेडल सोडलं तरी आवाज लोंबतो आणि ऐकणाऱ्याला वाटतंय पेडल लय लावलंय. फायलीत कंट्रोलर ६४ चे म्हणजे पेडलचे आकडे बघा, शून्यावर येतायत का. येत असतील तर फायल बरोबर, रॉड बघा. येत नसतील तर पेडलचा सेन्सर.

गडहिंग्लज_स्टँड

धागा भारी. कोल्हापुरात एक असाच जुना फ्लॉपीवाला विकायला आलाय, विकणारा म्हणतोय एकदम फर्स्टक्लास, डेमो पण दाखवला, जोरदार वाजत होता. घेऊ का?

चोर्ला_पल्याड

जोरदार सगळेच वाजतात. व्हॉल्यूम निम्म्यावर आणायला सांग आणि हळू चालीचं काहीतरी लावायला सांग. मग स्वतः तेच पाच सूर अगदी हळू वाजवून तिथंच रेकॉर्ड कर आणि परत ऐक. आणि जाशील ते पावसातच जा, उन्हाळ्यात सगळे पियानो शहाण्यासारखे वागतात.